बसल्या जागी अकरा हजार पावलं

मास्तरांना कुणी उभं पाहिलेलं नाही, असं गल्लीत म्हणत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. गल्लीच्या मधोमध त्यांचं दुकान, दीड माणूस मावेल एवढं. त्यातला एक माणूस मास्तर आणि उरलेला अर्धा गिऱ्हाईक. म्हणणं थोडं वाढवलेलं होतं, कारण शिंप्याला माप घ्यायला उभं राहावंच लागतं. पण मास्तरांनी त्यावरही तोड काढली होती. छाती-कंबर ते स्टुलावर बसूनच मोजत, आणि खांद्याची वेळ आली की गिऱ्हाइकालाच म्हणत, "जरा टेक की बाबा खाली." गिऱ्हाईक उकिडवं बसे. तशा बसलेल्या माणसाच्या खांद्याचं माप बरोबर कसं येतं, हे विचारू नये. तीस वर्षांचा हात होता, येत असे.

दुकानाची मांडणीही अशी की बूड हलवायला नको. डाव्या हाताला कात्री आणि खडू, उजव्या हाताला दोऱ्याची रिळं, मागे कापडाचे गठ्ठे. वरचे हँगर काढायला आकडा लावलेली काठी. इस्त्रीचं काम समोरच्या इस्त्रीवाल्याकडे, काज-बटणाचं मागच्या गल्लीतल्या काजवाल्याकडे, आणि तिकडं कपडे न्यायचे-आणायचे ते काकूंनी. काकू म्हणजे मास्तरांची बायको. सकाळी नऊला मास्तर मशीनवर बसले की दुपारी जेवायला मागच्या खोलीत जायचे, म्हणजे सात पावलं. तिथून परत सात. संपली वरात.

मशीन मात्र पायाचं. मोटार लावा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. मास्तर नाक उडवायचे. "मोटारीचा टाका मेलेला असतो. कापड जाड आलं, वळण आलं, कॉलरचं टोक आलं, की कुठं दमानं जायचं ते मोटारीला काय कळतंय? ते तळपायाला कळतं." आणि ते खरंच होतं. चपला काढून, उघड्या तळव्यांनी ते पायडल मारत. डोळे टाक्यावर, बोटं कापडावर आणि वेगाचा लगाम तळव्यात.

म्हणून टाचणीची गोष्ट त्यांना एवढी जिव्हारी लागली.

झालं असं, की एका संध्याकाळी दुकान आवरून मास्तर खाटेवर पाय पसरून बसले होते. काकू खाली भाजी निवडत होत्या. त्यांना मास्तरांच्या डाव्या तळव्यावर काहीतरी चमकलं.

"अहो, हे काय पायाला?"

"काय?"

"टाचणी घुसलीय! मुंडीपर्यंत आत गेलीय, आणि तुम्ही बसलाय निवांत!"

मास्तरांनी पाय वळवून पाहिला. टाचणी त्यांचीच होती, पांढऱ्या मुंडीची. त्यांनी ती चिमटीत धरून उपसली. रक्ताचा एक थेंब आला. दुखलं मात्र काहीच नाही. मास्तरांनी ती टाचणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली, तिच्यातच काही खोट असल्यासारखी.

"कधी घुसली?"

"मला काय विचारता? पाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. साखर असल्याचं चार वर्षांपूर्वी कळलं होतं, गोळ्या चालू होत्या, पण डॉक्टरीणबाईंनी दरवेळी सांगितलेलं चालणं मास्तर दरवेळी ऐकून तिथंच ठेवून येत. या वेळी बाईंनी रक्त घेऊन तिथंच तपासायला दिलं, आणि मग ड्रॉवरमधून एक नायलॉनचा ताठ दोरा काढला, एका दांडीला बसवलेला.

"डोळे मिटा. तळव्याला लागलं की हो म्हणा."

मास्तरांनी डोळे मिटले. हो म्हणाले. पुन्हा हो म्हणाले. मधे बराच वेळ काही झालं नाही. मग परत हो.

"झालं. दहापैकी सहा."

"बाकीच्या चार वेळा तुम्ही टोचलंच नाहीत."

"टोचलं, मास्तर."

बाईंनी दोरा ड्रॉवरमध्ये ठेवला. मग बाईंनी सरळ सांगितलं. तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पॉइंट चार, हवी सातच्या आत. साखर अशीच राहिली तर नसा मरत जातात. गेलेली जाण परत येईल की नाही सांगता येत नाही, उरलेली टिकवायची. नाही टिकली तर एक दिवस जखम होईल आणि कळणार नाही. ती चिघळेल. "पुढचं मी सांगत नाही. तुम्ही कापड कापता, तुम्हाला समजतं."

"मग काय करू?"

"चाला. गोळ्या आहेतच. पण गोळी एकटी किती ओढणार? दिवसभर तुम्ही बसून. रोज चाला, तीन महिन्यांनी या."

त्याच आठवड्यात लेक दोन दिवस माहेरी आली. तिनं बापाच्या फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. "बाबा, फोन खिशात ठेवायचा, बाकी तो मोजतो. दहा हजार झाली की झालं." आता मास्तर पडले बसणारे. पँटच्या खिशात फोन ठेवून बसलं की तो जांघेत रुतायचा. शिंप्याला खिशाचं काय दुःख? त्यांनी त्याच रात्री आपल्या तिन्ही पँटींना नवा खिसा लावला, उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, झाकणी आणि बटणासकट. फोन त्यात असा बसला की साच्यात ओतलाय.

पहिल्या दिवशी मास्तर इमानानं दुपारी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. येऊन फोन काढून पाहतात तो साडेसहा हजार! संध्याकाळी दुकान बंद करताना अकरा हजार दोनशे.

"बघ," ते काकूंना म्हणाले, "मी काय सांगत होतो? जगाला वाटतं शिंपी बसून असतो. दिवसभर किती उठबस होते त्याची ते कुणाला कल्पना?"

काकूंना कल्पना नव्हती, पण आकडा समोर होता. दुसऱ्या दिवशी मास्तर गल्लीच्या तोंडापर्यंतही गेले नाहीत. कामानंच दहा हजार होतात म्हटल्यावर वरचं कशाला चालायचं? तिसऱ्या दिवशी अकरा हजार. चौथ्या दिवशी शर्टांची घाई होती, तर बारा हजार आठशे.

काकूंनी हा आकडा गल्लीभर केला. पिठाच्या गिरणीवालीला सांगितला, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना सांगितला. त्या दोघींना इतकी लाज वाटली, की मास्तर एवढं चालतात तर आपण का नाही म्हणून त्या रोज संध्याकाळी पुलापर्यंत जाऊन येऊ लागल्या. फक्त समोरचा इस्त्रीवाला तेवढा बधला नाही.

"मास्तर, तू चालतोस कधी रे? मी दिवसभर इथं उभा. मला तर कधी दिसला नाहीस."

"तुझं लक्ष इस्त्रीवर असतं."

"माझं लक्ष इस्त्रीवर असतं तर शर्ट कशाला जळले असते?"

मास्तर हसले आणि पायडल मारत राहिले.

तीन महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मग फोनमधला आकडा पाहिला, मग परत कागद. साखर आठ पॉइंट तीन. वजन अर्धा किलो वर. मग दोरा निघाला, मास्तरांनी डोळे मिटले, आणि या वेळी दहापैकी पाचच.

"रोज अकरा हजार?"

"कधी बारा," काकू अभिमानानं म्हणाल्या.

"कमाल आहे. एवढं चालून साखर हलत नसेल तर आता इंजेक्शन सुरू करावं लागेल. पुढच्या आठवड्यात या, कसं टोचायचं ते शिकवते."

परतताना काकू रिक्षात बसून चालण्यावरच घसरल्या. "काही उपयोग नाही या चालण्याचा! सगळी थोतांडं!" आणि हेही गल्लीभर झालं. मास्तर तीन महिने रोज अकरा हजार पावलं चालले आणि पायाची जाण उलट कमीच झाली, म्हटल्यावर गिरणीवाली म्हणाली, आपण कशाला मरायचं मग. दोघींचं पुलापर्यंत जाणं त्या दिवसापासून बंद.

 पायडलवर पाय ठेवून मास्तर तळवा मधेच दाबून पाहत. टाचेला कळतंय, अंगठ्याला कळत नाही. कॉलरचं टोक आलं की पूर्वी पाय आपोआप हलका व्हायचा. आता डोळ्यानं पाहून हलका करावा लागत होता, आणि एकदा तर टाका टोकाच्या पुढं निघून गेला. गेल्या तीस वर्षांत मास्तरांनी कॉलर उसवली नव्हती. त्या दिवशी उसवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा चामडी पट्टा तुटला. मोठं चाक आणि वरचं चाक जोडणारा तो पट्टा. नवा दुसऱ्या दिवशी मिळणार होता. मग मास्तर दिवसभर त्याच स्टुलावर हातशिलाई करत बसले. बटणं लावली, तुरपाई केली, दोन पँटींच्या कच्च्या शिलाया काढल्या. पाण्याला उठले, जेवायला उठले, जसे रोज उठत तसेच. संध्याकाळी सवयीनं फोन काढला.

दोनशे बारा.

मास्तरांना वाटलं फोन बिघडला. त्यांनी तो परत खिशात घातला, बटण लावलं, मागच्या खोलीत जाऊन आले. दोनशे सव्वीस. बरोबर चौदा. मग ते स्टुलावर बसले आणि पट्टा नसलेल्या मशीनचं पायडल उगीच मारू लागले. खाटखूट, खाटखूट. गुडघा वर, गुडघा खाली, आणि गुडघ्याच्या चार बोटं वर फोन. थांबून पाहिलं. चारशे नव्वद.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मास्तरांना स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

काकूंना सांगितल्यावर त्या आधी समजल्याच नाहीत. समजल्यावर खाटेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "अगं बाई! म्हणजे तीन महिने तुम्ही शर्टावरून चालत होता! अहो, खरं चालला असता तर एव्हाना समुद्राला लागला असता!"

"हसतेस काय?"

"मग काय करू? गल्लीभर सांगितलं मी!" मग त्यांची नजर मास्तरांच्या तळव्यावर गेली आणि हसू मधेच थांबलं. "उद्या सकाळी दवाखाना."

"काय सांगू त्यांना? हसतील."

"हसू देत. पोटात सुई टोचून घ्यायच्या आधी हसलेलं बरं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना खुर्चीवर बसवून गुडघा हलवायला लावला, फोन पाहिला, खिसा उलटासुलटा करून पाहिला. "शिलाई छान आहे," एवढंच म्हणाल्या. मग हसल्या.

"पण बाई, पाय तर हलतो ना? दिवसभर हलतो. तो फुकटच म्हणायचा?"

"फुकट नाही. पण तीस वर्षं तोच पाय, तेवढाच हलतो. पायडल मारून कधी धाप लागलीय तुम्हाला? घाम आलाय? नाही ना? मांडीचे, पोटऱ्यांचे मोठे स्नायू ही साखर खाणारी तोंडं आहेत. तुम्ही बसलात की ती मिटलेली. उठून अंगाचा भार घेऊन चाललात की उघडतात. म्हणून जेवलं की दहा मिनिटं. तिन्ही वेळा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं. हळूहळू वाढवा. आणि अनवाणी अजिबात नाही. बंद बूट, सुती मोजे, रोज रात्री दोन्ही तळवे काकूंना दाखवायचे. इंजेक्शन तीन महिने थांबवते. पण या वेळी खिसा छातीवर लावा."

चालणं मास्तरांना वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत गेले तेवढ्यात छाती भात्यासारखी. पोटऱ्या दगड. पण खरी अडचण निराळीच होती. रिकाम्या हातानं, कुठंही जायचं नसताना, भर दुपारी रस्त्यानं चालायचं म्हणजे मास्तरांना नागवं झाल्यासारखं वाटे. कामाचा माणूस कामाशिवाय कधी चालतो का? कुणी विचारलं कुठं निघालात तर काय सांगायचं? चालायला निघालोय?

म्हणून त्यांनी दुकानाच्या काचेत अकरा वर्षं टांगलेला नमुन्याचा कोट काढला आणि हातावर टाकून निघाले. कोट पोचवायला निघालेला शिंपी. कुणी का विचारेल?

आठवडाभर कुणी विचारलं नाही. मग गिरणीवाली म्हणाली, "कुणाचा हो कोट? रोज घेऊन जाता आणि रोज परत आणता." शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, "बसत नसेल गिऱ्हाइकाला." इस्त्रीवाल्यानं दुकानातून ओरडून सगळ्यांना सांगितलं, "अहो, लोक कुत्रं फिरवतात, आमचा मास्तर कोट फिरवतो!"

गल्ली पोट फुटेस्तोवर हसली. मास्तरांचे कान लाल. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेर पडलेच नाहीत. तेव्हा इस्त्रीवालाच दारात आला.

"कोट दे इकडं."

"कशाला?"

"इस्त्री करून ठेवतो. अकरा वर्षं धूळ खातोय. तू जा."

"हात मोकळे घेऊन?"

"पाय मोकळे करायला निघालायस, हात कशाला अडकवतोस? जा की मर्दा! मी सगळ्यांना सांगितलंय त्या खिशाचं. आता लपवायला उरलंय काय?"

सांगितलं होतं खरंच. काकूंनी त्याला, त्यानं गल्लीला. मास्तरांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि मोकळ्या हातांनी निघाले.

पहिला महिना पायांनी शिव्या दिल्या, दुसऱ्या महिन्यात त्या थांबल्या. दहाची पंधरा मिनिटं झाली. टाकी मागे पडली, पूल आला. काजवाल्याकडचे कपडे मास्तर आता स्वतःच नेऊ लागले, आणि काजवाला म्हणाला, "पंधरा वर्षं तुमची काजं करतोय, तोंड आज बघितलं." कमरेतली कळ, जी मास्तरांना शिंप्याच्या धंद्याबरोबर मिळालेली वाटायची, ती कमी झाली. जेवल्यावर जी झापड यायची ती येईना. झोप लागायची ती अशी की काकूंना घोरण्याचा नवा त्रास.

शाळेच्या गणवेशांचा लोंढा आला तेव्हा घसरलेही. चाळीस जोड, आठ दिवस. चार दिवस मास्तर मशीनवरून हललेच नाहीत. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर काकू आल्या आणि फिरत्या चाकावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. चाक थांबलं.

"अगं, बोट जाईल!"

"माझं बोट जाईल तर मला कळेल तरी. तुमचं गेलं तर?"

मास्तर उठले.

तीन महिन्यांनी कागद आला. गोळ्या त्याच, जेवण तेच, साखर सात पॉइंट सहा. वजन तीन किलो खाली. काकूंचा चेहरा फुलला. मग दोरा निघाला. मास्तरांनी डोळे मिटले ते श्वास धरूनच. हो. हो. मग शांतता. हो.

"पाच," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. "पाचच? एवढं चालून पाचाचे सहा नाहीत?"

"गेल्या वेळी सहाचे पाच झाले होते. या वेळी पाचाचे पाच राहिलेत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उरलेलं टिकवायचं. टिकलंय. इंजेक्शन नको सध्या."

"आणि चालणं सोडलं तर?"

"तर तुम्हाला माहीतच आहे."

मास्तर बराच वेळ मोजे चढवत राहिले. मग त्यांनी बूट घातले, नाड्या नीट ओढून बांधल्या, आणि काकूंनी रिक्षा थांबवायच्या आत रस्त्याला लागले. काकू मागून, "अहो, हळू! माझ्या गुडघ्यांना तरी विचारा!"

त्याच दुपारी, जेवण आटोपून मास्तर दाराबाहेर पडतात तो समोर बँकेतला कारकून. गोल, घामेजलेला, हातात नवी पँट.

"मास्तर, पाच मिनिटांचं काम. फक्त आखूड करायची. संध्याकाळी घालायचीय."

"पंधरा मिनिटांनी."

"अहो, जेवणाच्या सुट्टीत आलोय! मशीन समोर आहे, तुम्ही समोर आहात!"

मास्तरांनी मशीनकडं पाहिलं. पूर्वीचे मास्तर बसले असते, चार शिलाया मारून मोकळे झाले असते, आणि मग आलंच गिऱ्हाईक तर अजून चार.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "किती आखूड करायची ते वाटेत सांग. आलो की लगेच मारून देतो."

"वाटेत? कुठं चाललाय?"

"कुठं नाही. चालायला चाललोय."

कारकून खांद्यावर पँट टाकून निघाला. गिरणीपर्यंत त्यानं बँकेला शिव्या दिल्या, गिरणीच्या पुढं उन्हाला, वळणावर मास्तरांना. पूल दिसू लागला तसा तो बोलायचा थांबला. पुलाच्या चढावर मास्तरांनी मागं वळून पाहिलं.

"हं, बोल आता. किती बोटं आखूड?"

कारकुनानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. कठड्याला टेकून, एक हात छातीवर ठेवून, त्यानं दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.